चार नळ्यांचा ढाळ

त्याला सगळे सूतभर म्हणत. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, बोटभर अंतरातला एक बारीकसा तुकडा. पण त्याच्या तोंडी दिवसभर तोच असे. "सूतभर उचल." "सूतभर दाब." "थांब, सूतभर जास्त झालं." न्हाव्यालाही तो सांगे, कानावर सूतभर ठेव. लग्नातल्या फोटोच्या वेळी त्याने फोटोवाल्याला कॅमेरा सूतभर डावीकडे घ्यायला लावला होता, आणि बायको होती तोवर ती हे आल्यागेल्याला हसत हसत सांगे. मग ती गेली. हसणारं माणूस गेलं, नाव मात्र राहिलं.

धंदा सांडपाण्याच्या नळ्या टाकण्याचा. मोरीचं पाणी, अंगणात साचणारं पाणी, छपरावरून उतरणारं पाणी, सगळ्यांना घराबाहेरची वाट काढून द्यायची. लोक या कामाला नाक मुरडतात. पण घरातलं घाण पाणी मुकाट्याने निघून जातं आहे तोवरच माणूस नीटनेटका दिसतो, हे सूतभरला पक्कं ठाऊक होतं, आणि म्हणून तो चराच्या कडेला बसे तो मान ताठ ठेवून.

ज्याने कधी चर खणला नाही त्याला वाटतं, नळीला उतार द्यायचा त्यात काय मोठं, जेवढा जास्त तेवढा बरा. तसं नसतं. उतार जास्त झाला की पाणी एकटंच पळून जातं आणि मळ मागे वाळत बसतो. कमी झाला की दोघंही जागच्या जागी बसून राहतात. पाणी आणि मळ म्हाताऱ्या नवराबायकोसारखे एका चालीने चालले पाहिजेत, ना कोणी पुढे, ना कोणी मागे. त्या चालीला ढाळ म्हणतात. आणि सूतभरचा ढाळ चुकत नाही, असं आसपासच्या चार वस्त्यांत लहानथोर बोलत.

त्याची पाणसळ दोन फुटांची, लाकडी, घामाने काळी पडलेली. मध्ये काचेची बारीक नळी, नळीत हवेचा बुडबुडा. आता पाणसळ दाखवते सपाटी, ढाळ दाखवत नाही. म्हणून त्याने तरुणपणीच तिच्या एका टोकाखाली चार सुतांची लाकडी पाचर बांधून टाकली होती. पाचरीचं टोक उताराच्या बाजूला ठेवायचं, आणि बुडबुडा मधोमध आला की दोन फुटांना चार सूत ढाळ बसला. दोरा बऱ्याचदा बदलला, पाचर तीच. चराच्या कडेला तो नेहमी एकाच अंगाने बसे, उतार उजव्या हाताला घेऊन. पाचरीचं टोक उजव्या मुठीत. बघावंसुद्धा लागत नसे, हाताला सवयीने कळे.

काम संपलं की तो वरून एक तांब्या पाणी सोडायला सांगे आणि खालच्या तोंडाशी कान लावून बसे. एकच तांब्या. "बादलीने ढकललं तर पाणी चढावरसुद्धा जातं," तो म्हणे. "तांब्याभर पाणी आपल्या पायाने चालत आलं पाहिजे."

अठरा वर्षांपूर्वी त्याने सख्ख्या थोरल्या भावाच्या घरामागे चौदा नळ्या टाकल्या. दादाने नवं घर बांधलं होतं. मागच्या दाराशी मोरी, मोरीला लागून छोटं चेंबर, तिथून अंगणाच्या कडेकडेने गल्लीच्या भिंतीपर्यंत नळ्या, आणि भिंतीशी दुसरं चेंबर. भाजक्या मातीच्या, चकचकीत, चार इंची, दोन फुटी नळ्या. खालून वर टाकत टाकत तो मोरीशी पोहोचला तेव्हा मोरीचं तोंड नळीच्या चार इंच वर आलं.

"दादा, तुझ्या गवंड्याने मोरी उंच बांधली की रे. चार इंच म्हणजे काय गंमत आहे?"

"त्याला तुझ्यासारखे डोळे कुठून असणार?" दादा म्हणाला.

सूतभर हसला, आणि मधे एक उभा तुकडा बसवून त्याने वेळ मारून नेली.

मग तांब्याची वेळ आली. दादा त्या दिवशी भलताच खुशीत होता. "तांब्याने काय होतंय?" म्हणत त्याने दोन बादल्या पाणी धबाधबा ओतलं. गल्लीकडच्या चेंबरमध्ये लोट आला, बघ्यांनी टाळ्या पिटल्या, आणि वहिनींनी सगळ्यांना गोड दिलं. तांब्या तसाच बाजूला राहिला. फरशीवाला ताटकळत उभा होता, तिन्हीसांजेच्या आत चर बुजलासुद्धा.

तीन महिन्यांत मोरी तुंबली.

सूतभरला बोलावणं गेलं. त्याने चेंबरचं झाकण उचललं, आत हात घातला, आणि हाताला लागलेला गिळगिळीत गोळा वहिनींसमोर धरला. त्यात भाताची शितं होती.

"वहिनी, मोरीत खरकटं सोडत जाऊ नका."

एवढंच बोलला. रागाने नाही, समजावून बोलला. पण हे वाक्य त्या घरात जाऊन बसलं ते जणू पायाच्या दगडात कोरल्यासारखं. मोरी तुंबली की दादा म्हणे, "माझ्या भावाचा ढाळ आहे तो. ढाळ चुकत नाही. हिच्या हाताला वळण नको?" वहिनींनी मोरीच्या तोंडाला जाळी लावली. मग जाळीवर जाळी लावली. भांडी आधी कागदाने पुसायची आणि मग धुवायची, असा नेम केला. तरी महिना-दीड महिन्यात पाणी वर यायचंच. एकदा त्या दादाला म्हणाल्या होत्या, "सहा फुटांवर काहीतरी अडतंय, काठीला लागतं." तर दादा म्हणाला, "आता तू ढाळ शिकव त्याला." पुन्हा त्या बोलल्या नाहीत. त्यांच्याकडे वेताची एक लवचीक काठी होती. चेंबरमधून ती आत सारायची, ढोसायची, गरम पाणी ओतायचं, पुन्हा ढोसायची. हे अठरा वर्षं चाललं.

हे सगळं सूतभरला माहीत नव्हतं असं नाही. येताजाता कानावर यायचं. त्याला वाईटही वाटे. पण ते वाईट वाटणं दुसऱ्याच्या चुकीबद्दलचं होतं, आणि अशा वाईट वाटण्याने कोणाची झोप उडत नाही.

मागल्या वर्षी दादा गेला. आणि यंदा एक दिवस पुतण्या सूतभरच्या खोलीवर आला. दादाचा एकुलता एक मुलगा, कचेरीत नोकरीला, बोलण्यात गोड.

"काका, मागची मोरी बंद करायचीय. जुनी लाइन उपटून काढायची आणि वर काँक्रीट करून घ्यायचं. धुणंभांडी काय ती आत स्वयंपाकघरात होतील."

"आणि वहिनी?"

"तिच्यासाठीच करतोय. तिच्याने ती मोरी राखणं होत नाही. बाबा असताना होत नव्हतं, आता काय होणार? बसेल पुढच्या खोलीत आरामात." मग जरा थांबून म्हणाला, "लाइन तुम्ही टाकलेली. दुसऱ्या कोणाचा हात लावायला मन होत नाही. तुम्हीच काढा."

सूतभर हो म्हणाला. आपलीच लाइन आपल्या हाताने उपटायची, हे मात्र कुठेतरी टोचलं. ती मोरी म्हणजे वहिनींचं राज्य होतं, हेही त्याला ठाऊक होतं. धुण्याचा दगड, कपड्यांची दोरी, डब्यांत लावलेली दोन रोपं, दुपारी पाय पसरून बसायची पायरी. सून आल्यापासून स्वयंपाकघर सुनेचं झालं होतं. वहिनींच्या वाट्याला मागचं अंगण तेवढं उरलं होतं. पण त्याला वाटलं, घर त्यांचं, मोरी त्यांची. आपण कोण मधे बोलणारे?

ठरल्या दिवशी तो खोदणाऱ्याला घेऊन गेला. हा खोदणारा पन्नाशीचा, अंगाने वाळका, तोंडाने सुटलेला. त्याला सगळे फावड्या म्हणत. वहिनी पायरीवर कपड्यांच्या घड्या घालत बसल्या होत्या. रोपांचे डबे त्यांनी स्वतःच उचलून भिंतीशी ठेवले होते. वेताची काठीही तिथेच उभी होती.

"या भावोजी," त्या म्हणाल्या. बस, तेवढंच.

फावड्याने फरशा उचकटल्या आणि माती ओढायला सुरुवात केली. "सूतभरभाऊ, खोल किती?"

"मोरीशी दीड फूट. पुढे दर नळीला चार सूत खाली."

"चार सूत! माझ्या बायकोला भाकरीचं पीठ कळतं, तुम्हाला मातीतलं सूत कळतं. आपल्याला बाबा फक्त भूक कळते."

"बोलू नकोस, नळी फोडशील."

"फोडायचीच तर आहे आता. हळू कशाला मग?"

"तरी हळू," सूतभर म्हणाला.

दुपारच्या आत मोरीपासून आठ नळ्या उघड्या पडल्या. अठरा वर्षं मातीखाली राहूनही वरचा चकचकीतपणा गेला नव्हता. सूतभर चरात उतरला. गुडघे कुरकुरले. त्याने फडक्याने नळीची पाठ पुसली, आणि का कोण जाणे, पिशवीतली पाणसळ काढली. निरोप घ्यायचा म्हणून असेल. जुन्या मित्राला जाता जाता खांद्याला हात लावावा तसं.

पहिल्या तीन नळ्यांवर बुडबुडा मधोमध येऊन बसला. त्याला बरं वाटलं. चौथ्या नळीवर पाणसळ ठेवली, आणि बुडबुडा घसरून थेट गल्लीकडच्या टोकाला जाऊन चिकटला.

त्याने पाणसळ उचलली. खाली मातीचा कण असेल म्हणून नळी पुन्हा पुसली. पुन्हा ठेवली. पुन्हा तेच. पाचवी. सहावी. सातवी. आठव्या नळीवर बुडबुडा शहाण्यासारखा मधे आला. मधल्या चार नळ्यांवर मात्र तो वेड्यासारखा एका टोकाला पळत होता. मग त्याने पाणसळ उलटी फिरवली, पाचरीचं टोक घराकडे केलं आणि पाचव्या नळीवर ठेवली. बुडबुडा मधोमध. अगदी रेषेवर. सूतभरसुद्धा इकडेतिकडे नाही.

चार नळ्या घराकडे उतरत होत्या. आणि बिनचूक उतरत होत्या, कसलेल्या हाताने उतरवाव्यात तशा.

तो चरात तसाच उभा राहिला. त्याला तो जुना दिवस आठवायचा नव्हता, पण तो आपोआप समोर आला. इथे, बरोबर इथे, चराच्या कडेला तेव्हा विटांचा ढीग होता. खालून वर येताना मोरीपासूनची आठवी नळी झाली आणि बसायला जागा उरली नाही, म्हणून तो उडी मारून चराच्या पलीकडच्या अंगाला गेला होता. अंग बदललं. पण पाचरीचं टोक उजव्या मुठीतच राहिलं. अलीकडून उजवा हात उताराला होता. पलीकडून तोच हात चढाला. हाताला काय कळणार? हाताने आपलं इमानाने काम केलं. चार नळ्या झाल्या, विटांचा ढीग मागे पडला, तो परत अलीकडे आला. आणि मोरीशी चार इंचांचा फरक निघाला तेव्हा तो गवंड्याला हसला होता. लोकांची सूतभर चूक धरणाऱ्या माणसाला स्वतःचे चार इंच दिसले नव्हते.

"काय झालं हो?" फावड्याने वरून विचारलं. "साप निघाला की काय?"

"काही नाही."

"मग चेहरा असा का?"

"ऊन आहे."

फावड्या भाकरी खायला भिंतीच्या सावलीत गेला. सूतभर वर आला, चेंबरच्या कडेला टेकला. वहिनींनी पाणी आणून दिलं. तो ते घटाघटा प्यायला.

आता एक सोपी गोष्ट होती. फावड्याला ढाळ कळत नव्हता. पुतण्याला कळत नव्हता. नळ्या उपटून काढायच्याच होत्या. चार ठोके घातले की चार नळ्यांची चाळीस खापरं झाली असती, आणि खापराला उतार नसतो. सूतभरचं नाव जसंच्या तसं राहिलं असतं. त्याच्यापाशी दुसरं होतं तरी काय? एक खोली, एक पाणसळ, आणि हे नाव.

"सापडलं का काही?" वहिनींनी विचारलं.

"मुळं," तो म्हणाला. "मुळं शिरली होती सांध्यातून. म्हणून तुंबत होतं."

वहिनींनी अंगणावरून सावकाश नजर फिरवली. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. त्या अंगणात झाड नव्हतं. कधीच नव्हतं. शेजारीही नव्हतं.

"कुठल्या झाडाची भावोजी? या डब्यांतल्या?"

सूतभर खाली बघत राहिला. वहिनींनी भिंतीशी उभी असलेली काठी आणली आणि चराच्या कडेने, उघड्या नळ्यांच्या बाजूला आडवी ठेवली. काठीचं एक टोक मोरीच्या चेंबरला लावलं. काठीवर सहा फुटांच्या खुणेला एक लाल दोरा बांधलेला होता, मळून मळून तपकिरी झालेला. दोरा बरोबर तिसऱ्या आणि चौथ्या नळीच्या सांध्यापाशी आला.

"इथे लागायचं," त्या म्हणाल्या. "दर वेळी इथेच. मला वाटायचं, काय असेल इथे?" आणि पुन्हा पायरीवर जाऊन घड्या घालू लागल्या.

जेवणाच्या सुट्टीत पुतण्या घरी आला. बूट न काढताच मागच्या दारात उभा राहिला. "काय काका, निघाला का भाताचा डोंगर?"

फावड्या हसला. वहिनींनी मान वर केली नाही. हातातल्या चादरीची कड त्या सारख्या करत राहिल्या, सारखी असूनही.

सूतभरने काठीवरच्या दोऱ्याकडे बघितलं. मग म्हणाला, "भात नाही. ढाळ उलटा आहे. चार नळ्या घराकडे उतरतात."

"म्हणजे?"

"म्हणजे माझी चूक आहे. माझ्या हातून झालंय हे. पहिल्या दिवसापासून."

पुतण्या प्रेमाने हसला. "काका, तुम्ही पण ना! आईला पाठीशी घालताय. तिला वाईट वाटू नये म्हणून."

"मी खरं सांगतोय."

"बाबा काय म्हणायचे? जग उलटं होईल पण माझ्या भावाचा ढाळ उलटा होणार नाही. आणि आता तुम्ही म्हणताय..." तो फावड्याकडे वळला. "ऐकलंत का?"

"ऐकलं की," फावड्या म्हणाला. "साहेब, मोठ्या मनाचा माणूस आहे. दुसऱ्याचं खापर आपल्या डोक्यावर घेतोय."

सूतभरच्या ध्यानात आलं की आपण खोटं बोललो असतो तर ते लगेच पटलं असतं. खऱ्याला मात्र कोणी जागा देईना. ज्या नावाला तो जन्मभर जपत आला, तेच आता वाटेत आडवं पडलं होतं.

तो पुन्हा चरात उतरला. छिन्नी घेऊन तिसऱ्या आणि आठव्या नळीचे सांधे त्याने सोडवले आणि दोन्ही नळ्या उचलून काढल्या. मधल्या चार जागच्या जागी राहिल्या, दोन्ही तोंडं उघडी. गल्लीकडचं तोंड आणि घराकडचं तोंड.

"वहिनी, एक तांब्या पाणी आणा."

वहिनींनी तांब्या भरून आणला. त्याने हात पुढे केला आणि मागे घेतला. "नको. तुम्हीच ओता. या गल्लीकडच्या तोंडातून."

त्या वाकल्या आणि त्यांनी पाणी ओतलं. सावकाश, धार न मोडता. पाणी नळीत दिसेनासं झालं. पुतण्या आणि फावड्या चराच्या काठाशी आले होते, दोघंही सवयीने गल्लीकडे बघत राहिले. तिकडे कोरडंच होतं. मग घराच्या बाजूने, पायाशी, गुळगुळ आवाज झाला. चौथ्या नळीच्या तोंडातून अठरा वर्षांचं काळं पाणी बाहेर आलं. आधी थोडं, मग बरंच. ते तिसऱ्या नळीच्या रिकाम्या जागेत पसरलं, आणि काठावर उभ्या पुतण्याच्या पायांखाली येऊन थांबलं.

फावड्याने वाकून नळीच्या तोंडात पाहिलं.

"एक तांब्या त्या दिवशी ओतायचा राहिला," सूतभर म्हणाला. "दादाने बादल्या ओतल्या. मी थांबवायला पाहिजे होतं."

"पण मग बाबांना..." पुतण्याने आईकडे बघितलं. "आई, तू कधी बोलली नाहीस?"

"बोलले होते एकदा."

तांब्या अजून त्यांच्या हातात होता. त्यातलं उरलेलं पाणी त्यांनी जमिनीवर ओतलं आणि तो पालथा धरला.

"अठरा वर्षं मी ताट आधी पुसलं आणि मग धुतलं," त्या म्हणाल्या. आवाज वाढला नाही. "माहेरी गेले तरी पुसायची. भाऊजय हसायची. मला स्वतःलाच वाटायला लागलं होतं की माझ्या हातातच काहीतरी घाण आहे. शेवटी शेवटी त्यांना चमच्याने भरवावं लागायचं. त्या दिवशी वाटीत चार शितं राहिली. मी उठले, तर मला हाताने थांबवलं. म्हटलं, काही हवंय? तर म्हणाले, मोरीत टाकू नकोस. त्यानंतर ते माझ्याशी बोलले नाहीत. पहाटे गेलेच."

सूतभर चरात होता, वहिनी वर. त्याचं डोकं त्यांच्या पायांच्या उंचीला आलं होतं.

"वहिनी..."

"बोलू नका भावोजी. मला आता बोलणं नको. ज्यांना सांगायचं ते ऐकायला नाहीत."

पुतण्या म्हणाला, "मग काका, राहू दे. बुजवायला नको. ठेवू या मोरी."

"ठेवायची की बुजवायची ते मी सांगेन," वहिनी म्हणाल्या. मुलाशी त्या स्वरात त्या पूर्वी कधी बोलल्या नसाव्यात, कारण तो एक पाऊल मागे सरला. "आधी नीट करा."

उलट्या नळ्या चारच होत्या, पण दुरुस्तीला सात लागल्या. मोरीकडच्या तीन नळ्या चार इंच वर घ्याव्या लागल्या, आणि तो उभा तुकडा, अठरा वर्षांपूर्वीचा, काढून टाकावा लागला. मोरी बरोबर उंचीवरच बांधलेली होती. ज्या गवंड्याला तो हसला होता, त्याचं माप सुतानेही चुकलेलं नव्हतं. सूतभरने फावड्याला माती कुटायला लावली आणि नळ्या स्वतः बसवल्या. एकेका नळीला किती वेळ लावला! पाणसळ ठेवायची, पाचरीच्या टोकाकडे बघायचं, गल्लीकडे बघायचं, पुन्हा टोकाकडे. हातावर त्याचा विश्वास राहिला नव्हता.

"सूतभरभाऊ," फावड्या हळूच म्हणाला, "मी कोणाला सांगणार नाही."

"सांग," सूतभर म्हणाला. "विचारेल त्याला सांग."

दुसऱ्या दिवशी सांध्यांतला सिमेंटचा माल वाळून घट्ट झाला. सूतभर गल्लीकडचं चेंबर उघडून त्याच्या कडेला बसला आणि कान खाली लावला. त्याने मोरीकडे हाक दिली. वहिनी आतून आल्या. त्यांच्या हातात तांब्या होता, आणि दुसऱ्या हातात ताट. दादाचं ताट. सूतभर ते ओळखत होता. कडेला एक पोचा होता. ताटात सकाळचा भात तसाच चिकटलेला होता. पुसलेला नव्हता.

मोरीच्या तोंडावरच्या दोन्ही जाळ्या त्यांनी काढून बाजूला ठेवल्या. दगडावर बसल्या. तांब्या तिरपा केला, आणि बोटांनी भात ताटावरून सरळ मोरीत सोडला.

सूतभर ऐकत राहिला. आधी काहीच नाही. मग लांबून, नळीच्या पोटातून, कोणी अनवाणी चालत यावं तसा आवाज. धावत नव्हता, थांबत नव्हता. पाणी आलं. पाण्याबरोबर शितं आली. एक, मग दोन, मग पाचसात एकदम. पाण्याच्या पुढे नाही, मागे नाही. चेंबरमध्ये घटकाभर फिरली आणि गल्लीखालच्या मोठ्या गटारात निघून गेली.

"आलं, वहिनी," तो म्हणाला.

वहिनींनी तांब्या पुन्हा भरला आणि तेच ताट, आता स्वच्छ झालेलं, पुन्हा धुतलं. मग पुन्हा. पाणी येत राहिलं, नुसतं पाणी. मोरी ठेवायची की बुजवायची, ते त्या त्या दिवशी बोलल्या नाहीत, आणि विचारायची कोणाची छाती झाली नाही.

सूतभरने सामान आवरलं. वेताची काठी भिंतीशी पडली होती. फावड्या ती चुलीत घालायला मोडणार होता. सूतभरने ती त्याच्या हातून घेतली, लाल दोरा तसाच ठेवला, आणि पिशवीबरोबर खांद्यावर टाकली. मागल्या दारात क्षणभर थांबला. मोरीवरून ताटावर पाणी पडल्याचा आवाज येतच होता.

गल्लीत आल्यावर हातात राहिलेली पाणसळ त्याने पिशवीत घालायला घेतली, आणि पाचरीचं टोक आपल्या कुठल्या हातात आहे ते मान खाली घालून पाहिलं.